खाजणवाडीचा कौल

पाकळी तगरीची होती. देवाच्या उजव्या खांद्याशी, काळ्या पाषाणावर, ती पाण्याने चिकटवतात तशी बसवलेली होती. सकाळी लावली तेव्हा ती दगडाशी सपाट होती. आता तिचं टोक किंचित वर वळलं होतं, मधली शीर पिवळसर दिसायला लागली होती, आणि जिथे ती दगडाला टेकली होती तिथे कडेने केसाएवढी बारीक, फिकट गुलाबी रेघ उमटली होती. तगरीची पाकळी सुकताना तपकिरी होते, गुलाबी होत नाही. मी ते पाहिलं आणि तूर्त मनात ठेवलं.

डाव्या खांद्यावरही तशीच एक पाकळी होती. तीही पडली नव्हती.

"वैनी, बसा खाली," मागून मोतीराम तांडेल म्हणाला. "देव काय पळान जातलो नाय."

सभामंडपात बसलेली माणसं हसली. मी माझ्या जागी येऊन बसले. शेजारी ग्रामसेवक भोसले मांडीवर ठरावाचं बुक उघडून बसले होते. ते साताऱ्याकडचे, गावात येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, पण कौलाच्या दिवशी ते अजूनही पाहुण्यासारखे अंग चोरून बसत.

"मॅडम, यंदा तरी काय लिहू?" त्यांनी हळूच विचारलं. "गेल्या वर्षी तहकूब, त्याच्या आधी तहकूब. वरच्यांनी विचारलं तर देव बोलला नाही असं कसं सांगायचं?"

मोतीरामचे कान तिखट होते. "भोसले, तुमच्या घाटावर देव अर्ज घेऊन उत्तर देता काय?"

"आमच्याकडं देवाला बांधाचं विचारत नाहीत, तांडेल. इंजिनेराला विचारतात."

"आमीय विचारलेलां. तो म्हणालो, बांध टिकाचो नाय. मगे देवाक विचारूची पाळी इली."

पुन्हा हशा झाला. त्या हशात मोतीरामचा स्वतःचा आवाज नव्हता, हे माझ्या तेव्हाही लक्षात आलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. भेंडखोलची सरपंच म्हणून माझी ती शेवटची ग्रामसभा. मी मूळची मिरजेची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून, लग्न होऊन या खाडीकाठच्या गावात आले. पद स्त्रीसाठी राखीव झालं तेव्हा शिकलेली सून म्हणून गावाने मला उभं केलं. पंचायतीचं काम मला आवडत असे. काजूच्या बागांना जाणारा रस्ता, बायकांसाठी कोकम वाळवायचा ओटा, आठवड्याच्या बाजाराला पत्र्याची शेड, अशी कामं होती आणि ती होत. एका खाजणवाडीचं काम मात्र होत नव्हतं.

खाजणवाडी गावाच्या खालच्या टोकाला, खाडीला लागून होती. तिची शेतं भरतीच्या पाण्याहून खाली होती. चार पिढ्यांपूर्वी तिथल्या लोकांनी माती आणि दगडांचा लांब बांध घालून खाडी मागे सारली आणि त्या खाऱ्या जमिनीत लाल भात पिकवलं. ते भात दुसरीकडे कुठे होत नसे. दाणा आखूड आणि जाड, पेज गुलाबी. बाळंतिणीला आणि आजाऱ्याला गावभर तीच पेज देत.

पुढे उधाणाचं पाणी दर वर्षी थोडं जास्त चढायला लागलं. बांध फुटायचा, वाडी तो बुजवायची, पुन्हा फुटायचा. लागोपाठ दोन हंगाम भात उभं राहिलं आणि दाणा भरण्याआधी पांढरं पडलं. मग विहिरी बिघडल्या. पंचायतीच्या पाणी तपासणीच्या पेटीतून मी स्वतः तिथलं पाणी तपासत असे. पिवळ्या पाण्यात रसायन थेंबाथेंबाने सोडायचं आणि विटकरी रंग यायची वाट बघायची. जितका उशीर, तितकं मीठ जास्त. खाजणवाडीच्या विहिरीचं पाणी माझ्यासमोर पिवळंच राहायचं आणि मी थेंब सोडत राहायचे. नळ होता, पण तो दिवसाआड यायचा. स्वयंपाक विहिरीवरच चाले.

मार्ग दोन होते. एक, पंचायतीने बांध दगडी करायचा. दुसरा, वाडी उठवून वर सड्यावर, कातळावरच्या गायरानात वसवायची. दोन्हींचा खर्च वरून मिळत होता, पण एकाचाच, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागत होता. ठरावाला कोणी हात वर करत नव्हतं. बांध होऊनही टिकणार नाही हे वरच्या वाड्यांना कळत होतं, पण सोयऱ्याधायऱ्यांच्या तोंडावर "उठा" म्हणायला कोणी तयार नव्हतं. खाजणवाडी स्वतः तर म्हणणारच नव्हती. तेव्हा गावाने आपल्या पद्धतीने वाट काढली. गिरोबाला कौल लावला. उजवी पाकळी आधी पडली तर बांध, डावी पडली तर सडा. सांजवातीपर्यंत एकही पडली नाही, तर देव गप्प आहे असं समजायचं आणि विषय पुढच्या वर्षावर टाकायचा.

देव दोन वर्षं गप्प होता. हे तिसरं. आणि यंदा पंचायत समितीने स्पष्ट कळवलं होतं की या सभेत ठराव झाला नाही तर तो निधी दुसऱ्या गावाला जाईल आणि भेंडखोलला पुन्हा मिळणार नाही.

"मोतीरामदादा," मी म्हटलं, "सड्यावर प्लॉट आखून ठेवलेत. पाण्याची टाकी मंजूर आहे. प्रत्येक घराला कोंबड्यांची शेड, काजूची कलमं. तुम्ही एकदा वर येऊन बघा तरी."

"बघलंय. चुन्याच्यो रेघो बघलंय." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "कोंबड्यांका दाणे लागतत, वैनी. ते कातळार पिकतत?"

"सुरुवातीला पंचायत देईल."

"आनि मगे?"

काजूला धरायला काही वर्षं लागतात आणि कातळावर माती किती पातळ आहे हे मी पाहिलं होतं.

"तुमी वायट नाय सांगनास," तो म्हणाला. "पन तुमी सांगतास तां जगण्याचा असा. आमचा विचारना काय असा, ठाव हा? आमी तांडेल खाजणातले. सड्यार गेल्यार आमी खंयचे?"

दुपारी माणसं जेवायला पांगली. पौषाचा कोरडा वारा सुटला होता. वाळवणाचे पापड घटकेत कडकडीत होतील असा. मी पुन्हा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले. अशा हवेत तगरीच्या ओल्या पाकळीतलं पाणी उडून जायला आणि ती आपल्या वजनाने खाली यायला फार वेळ लागू नये. दोन्ही पाकळ्या वाळून गेल्या होत्या. वाळून दगडाला धरून होत्या. आणि ती गुलाबी रेघ आता खरवडता येईल इतकी घट्ट दिसत होती.

देवळामागच्या विहिरीवर धाकू गुरव तांब्या घासत बसला होता. कौल लावणं, देवापुढे गाऱ्हाणं घालणं हे त्याच्या घराण्याचं काम. वयाने माझ्या वडिलांएवढा. त्याची मुलगी सुलोचना मोतीरामच्या मुलाला दिली होती, म्हणजे तो आणि मोतीराम व्याही. शेजारच्या दगडावर एक पितळी वाटी पालथी घातलेली होती.

मी ती वाटी उचलली. आतल्या बाजूला पापुद्रा वाळला होता. फिकट गुलाबी.

धाकूकाकाने हात थांबवला नाही. "तुमका कळतला म्हणान भिया होता," तो म्हणाला. "आज कळला."

"पाकळ्या पेजेने चिकटवल्यात?"

"व्हय."

"गेल्या दोन वर्षीही?"

"व्हय."

"का, काका?"

तांब्या स्वच्छ झाला होता तरी तो चोळतच राहिला. "हो बांध घालूचो कौल माज्या पणज्यान लावलेलो. ह्याच दगडार. उजवी पडली आनि देवान होकार दिल्यान. चार पिढ्यो त्या होकारार जगलो. आता माज्या हातान लावलेली पाकळी डावी पडली, तर? आनि उजवी पडली, तर माजी पोर थंयच रवतली, तां पानी पीत." त्याने तांब्या खाली ठेवला. "म्हणान म्हटलां, कायच पडूक नको."

सुलोचनाचं मला माहीत होतं. दिवस भरायच्या बऱ्याच आधी तिच्या अंगावर सूज आली, रक्तदाब वाढला, झटके आले. जिल्ह्याच्या गावी नेईपर्यंत मूल गेलं. ती वाचली. तिला घरी आणून महिना होत आला होता. डॉक्टरने विचारलं होतं, पाणी कुठलं पिता? त्या प्रश्नाचा आणि त्या मुलाचा संबंध मला सिद्ध करता आला नसता. पण तो माझ्या डोक्यातून गेला नव्हता.

"एवढं झाल्यावर, यंदाही?" मी विचारलं.

"यंदा पेज लावूचो नव्हतंय." त्याचा आवाज खाली आला. "पान्यानच लावूया म्हटलां. पडतली ती पडांदे. सकाळी आंघोळ करून इलंय तर पायरीर वाटी. दरवर्सासारी येसूआयेन धाडल्यान."

येसूआये म्हणजे मोतीरामची आई. तिचा शब्द खाजणवाडीत शेवटचा असे.

"म्हणजे पेज त्यांच्याकडून येते?"

"माज्याकडे लाल भात खंयचा, वैनी? वाटी इली, पेजेचो रंग बघलंय, आनि वाटी परत खाली ठेवलंय. पन ती परत कशी धाडू? त्या म्हातारेन काय म्हणान धाडल्यान तां माका बघताच कळला."

"काय कळलं?"

"तां माका विचारू नका," तो म्हणाला. "माज्या येवायाक, मोतीरामाक विचारा."

मी वाटी हातात घेऊन उभी राहिले. रंगाबद्दल त्याला काय म्हणायचं होतं ते मला लगेच उमगलं नाही. पेज लाल भाताची होती, लाल भात खाजणवाडीतच होतं, मग नवल कसलं? मग हळूहळू उलटा हिशेब लागत गेला. दोन हंगाम पीक आलेलं नव्हतं. घरातलं जुनं भात केव्हाच संपलं होतं. खाजणवाडीची माणसं बाजारचा तांदूळ विकत आणताना मी पाहत होते. अख्ख्या वाडीत लाल भात उरलं होतं ते एकाच ठिकाणी. मोतीरामच्या माळ्यावर एक लहानशी मुडी होती. पेंढ्यात गच्च बांधलेली बियाण्याची गाठोडी. बांध नीट झाला की सगळ्या वाडीने त्यातून मूठमूठ घ्यायची आणि पुन्हा पेरायचं, म्हणून ती राखून ठेवली होती. येसूआये तिला कोणाला हात लावू देत नसे. मी एकदा तपासायला दाणे मागितले होते, तर म्हणाली होती, "पोटातला पोर कोन तपासूक मागता काय गो?"

उन्हं कलायला लागली तशी माणसं परत आली. सगळी आपापल्या सकाळच्याच जागी बसली. कोणी गाभाऱ्याकडे बघत नव्हतं. बायका शेंगा सोलत होत्या, एक जण दुसऱ्याला होडीला लावायच्या डांबराचं विचारत होता. त्या वेळी मला प्रथमच दिसलं की वाट पाहणाऱ्या माणसांची जी चुळबुळ असते ती इथे कोणाचीच नाही. त्यांना निकाल माहीत होता.

भोसल्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मॅडम, 'तहकूब' लिहून ठेवू का? तेवढाच वेळ वाचेल."

"थांबा," मी म्हटलं.

मी उठून मोतीरामजवळ जाऊन बसले. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. गाभाऱ्यात जाऊन ओल्या बोटाने ती पेज पुसावी, असं एकदा मनात आलं होतं. पाच मिनिटांत कोणती तरी पाकळी पडली असती. पण मग पडणारी पाकळी माझी असती.

"दादा," मी हलक्या आवाजात म्हटलं, "यंदाची पेज कसल्या भाताची आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो दचकला नाही.

"पेजेचा तुमका आज कळला?" तो म्हणाला. "हंय ज्याका म्हायत नाय असो एक मानूस दाखवा. तो भोसलो सोडून."

"आणि तुम्ही सगळे तीन वर्षं इथे येऊन बसता?"

"देवाक बोलूक दिला, तर कोनाक तरी आयकूक लागतला."

खाडीकडून वारा आला, त्याला चिखलाचा वास होता. भरती चढत असावी.

"मुडी सोडलीत?" मी विचारलं.

त्याने खिशातून तंबाखूची डबी काढली, उघडली आणि तशीच मिटली.

"सुलू घरी इली," तो म्हणाला, "ती जेवच ना. आठ दिस तोंडात कन नाय. भिंतीकडे तोंड करून निजायची. आयेन विचारल्यान, बाये, काय खातलंस? काय पन सांग. तर म्हणाली, आये, आपली पेज. आपली तांबडी पेज." त्याने डबी दुसऱ्या हातात घेतली. "मी आयेक म्हटलां, दुकानात तांबडो तांदूळ मेळता, तो हाडतंय. तिका खंय कळतला? आये म्हणाली, कळतला. शिडी लावून सोता माळ्यार चढली. ह्या वयात. माका हात लावूक दिल्यान नाय. गाठ आपल्या हातान सोडल्यान."

"मग सुलू जेवली?"

"वाटीभर. मगे रडली. पैल्यांदाच रडली." त्याने डबी खिशात टाकली. "पोरासाठी रडली काय मुडयेसाठी, ठाव नाय."

"किती उरलंय बियाणं?"

"रोज पेज केली, वैनी. ती खायत गेली, आये कांडत गेली. कोन मदी बोलतलो? काल रातीक उखळात शेवटचा घातला. सुलूक पोटभर दिल्यान, आनि तळाक रवली ती आज हंय धाडल्यान." त्याने हनुवटीने गाभाऱ्याकडे खूण केली. "ती दोन खांद्यार चिकटलेली असा ना, तां आमचा बियाणां."

मी त्या दोन पाकळ्यांकडे पाहिलं. इतक्या लांबून रेघ दिसत नव्हती.

"मग बांध झाला तरी…" मी म्हणाले आणि थांबले. वाक्य पूर्ण करायची गरज नव्हती. ते भात दुसरीकडे कुठे पिकत नव्हतं, कोणाच्या घरी उरलं नव्हतं. बाजारात त्याचं बी मिळत नव्हतं. विद्यापीठाच्या कोठारात असेल म्हणून मी मागे पत्रं लिहिली होती. तिथेही नव्हतं. उद्या दगडी बांध उभा राहिला असता, खाडी जन्मभर त्याच्या बाहेर थांबली असती, तरी त्याच्या आत पेरायला आता काही नव्हतं.

"आये आज देवळात का नाही आल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, माजा सांगून झाला. आता तुमी सांगा." तो आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होता. "दोन वर्सां ती वाटी धाडी ती देव गप रवांदे म्हणान. आज धाडल्यान ती कित्याक, तां मी सकाळधरून इचार करतंय. धाकूक बघताच कळला. माका कळला, पन उठाक जमना नाय."

देवळाबाहेर उजेड पिवळा झाला होता. धाकूकाका समई घेऊन आला. सांजवात लागली की कौल उठवायचा, हा नेम. त्याने वात सारखी केली, काडीपेटी काढली, आणि काडी न ओढता तो उभा राहिला. त्याने वळून मोतीरामकडे पाहिलं.

मोतीराम उठला. त्याचे गुडघे वाजले. तो माणसांमधून वाट काढत गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेला आणि गुरवाच्या जागी, देवासमोर उभा राहिला. तिथे उभं राहून गाऱ्हाणं घालायचा हक्क एका धाकू गुरवाचा. मंडपात कुजबुज झाली. धाकूकाका एक पाऊल बाजूला सरला आणि त्याने हात जोडले. कुजबुज थांबली.

"बा गिरोबा म्हाराजा," मोतीराम म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, होडीवरून काठाला हाक मारावी तसा. "खाजणवाडी आज तुज्या पायाकडे उबी असा."

"व्हय म्हाराजा," सवयीने सगळा मंडप म्हणाला.

"आमच्या पूर्वजांनी तुजो कौल घेतलो आनि खाडी मागे सारली."

"व्हय म्हाराजा."

"तुया दिलंस तां आमी चार पिढ्यो खाल्लां. लेकराबाळांका घातलां."

"व्हय म्हाराजा."

"तीन वर्सां आमीच तुजा तोंड बांदून ठेवलां. ह्येत तुजी चूक नाय, धाकूची नाय, सरपंचबायची नाय."

या वेळी आवाज कमी आले. शेंगा सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. भोसल्यांनी पेन कागदावर टेकवलं होतं आणि ते माझ्याकडे बघत होते. मी मानेने नाही म्हटलं.

"बियाणां सपला, म्हाराजा."

मग एकटा धाकूकाका म्हणाला, "व्हय म्हाराजा."

मोतीरामने हात पुढे केला. आधी उजवी पाकळी, मग डावी. दोन्ही त्याने नखाने सोडवल्या. त्या निघताना बारीक करकर झाली. त्या तळहातावर घेऊन तो आमच्याकडे वळला.

"लिवा, भोसले," तो म्हणाला. "बांध नको. आमी खाजण सोडतो."